सहीसाठी थांबलेला निरोप

टीव्हीवर दहशतवादाविरुद्ध शेजारी देशांच्या सहकार्याची बैठक दिसली, की मी उठून कुंड्यांना पाणी घालतो. पुरे झालं ते ऐकणं.

मी नागपुरात पोलिसांच्या वायरलेसवर होतो. शेजारच्या राज्यातला ऑपरेटर रोज सेटवर भेटायचा. त्याला कधी पाहिलं नाही, पण त्याच्या घरी काय शिजलं ते मला ठाऊक असे.

एकदा दुपारी दोनला खबर आली, की हत्यारबंद टोळी नदी ओलांडून त्याच्या हद्दीत गेली आहे. परराज्यात निरोप साहेबांच्या सहीशिवाय पाठवायचा नाही, असा नियम. साहेब बैठकीत, आणि विषय राज्याराज्यांतला समन्वय! दाराशी शिपाई म्हणाला, "काहून घाई करून राहिले भाऊ? अजून चहा व्हायचा आहे."

मी सेटवर परतलो. पलीकडून त्यानं विचारलं, "आज क्या सब्ज़ी?" मी म्हणालो, "बैंगन."

सही संध्याकाळी झाली. तोवर त्याच्याकडच्या पोलिसांची गस्त जंगलात शिरली होती. सगळे परत आले नाहीत.

दुसऱ्या सकाळी त्यानं निरोपावरची खबर आल्याची वेळ वाचली.

"दो बजे," तो म्हणाला. "उसके बाद हम बैंगन की बात कर रहे थे ना?"