वीस इंचांची चौकट

प्रिय निखिल आणि रेवा,

आपल्या घराण्यात लाकूड अत्यंत अचूकपणे चुकीचं कापण्याचा मान माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात निखिलने तिकडच्या सुतारकामाच्या वर्गातला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आजी, या पेटीत लाकूड ठेवून खाचेतून करवत चालवली की कोपरा चुकूच शकत नाही. तुला फारसं कळणार नाही, पण गंमत म्हणून पाठवतोय.’

मला कळतं. साठ वर्षांपूर्वी मी अगदी तशीच पेटी करवून घेतली होती. तिने कोपरे खरोखरच चुकवले नाहीत. बाकी सगळं चुकलं. त्या प्रसंगाला हजर असलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा माझ्या सोयीने लिहून ठेवायला ही वेळ बरी आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नुकतीच सून झाले होते. अमरावतीच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मुलगी मलकापूरजवळच्या खेड्यात आली, की गाव तिच्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवतं. मी कपाटातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. त्याने गावाचं समाधान झालं नाही.

मग तुमच्या कुसुमआजीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या मोठ्या भावाला पत्र लिहिलं. हे दादा अकरा वर्षं घरी आले नव्हते. भांडण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालं होतं. शेवटी दोघा भावांनी मोटेचं चाक ज्या सागवानी लाकडावर बसायचं, ते लाकूडच मधोमध कापून वाटून घेतलं. (मोट बंद पडली. पण वाटणी चोख झाली.) दादा आपला अर्धा तुकडा न उचलताच देऊळगाव राजाला निघून गेले. तो गोठ्यात पडून होता, आणि मामंजी त्याला कोणाला हात लावू देत नसत.

दादांचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘लग्नाले येतो.’

मामंजींनी लगेच मलकापूरच्या स्टुडिओतून जुना फोटो मोठा करून आणला. मधे खुर्चीवर त्यांचे वडील, उजवीकडे दादा, डावीकडे मामंजी, दोघंही ऐन मिशा फुटायच्या वयातले. फोटो वीस इंच रुंद आणि सोळा इंच उंच होता.

“माह्या वाट्याच्या लाकडाची चौकट करा,” मामंजी म्हणाले. “मांडवाच्या दारी लावू. दादाले काही सांगा लागनार नाही. पाह्यलं की समजन.”

गणपत मिस्त्रींना बोलावणं गेलं. लाकूड इतकी वर्षं पाण्यात भिजलेलं, कडेने कुजलेलं. रंधा मारून मारून त्यांनी दोन इंच रुंदीच्या चार पट्ट्या काढल्या. पाचवी निघाली नसती.

इथे मी पुढे झाले. कॉलेजात मला निबंधासाठी एक इंग्रजी पुस्तक बक्षीस मिळालं होतं, घरगुती हस्तकलेचं. त्यात चित्रासकट लिहिलं होतं, की नुसत्या नजरेने कापू नये. लाकडाची एक उघडी पेटी करावी, तिच्या दोन्ही भिंतींत पंचेचाळीस अंशांच्या खाचा पाडाव्यात आणि हव्या त्या लांबीवर एक ठोकळा ठोकून ठेवावा. पट्टी ठोकळ्याला टेकवायची, खाचेतून करवत ओढायची. शंभर पट्ट्या कापा, शंभरही सारख्या.

मिस्त्रींनी पेटी सुरेख केली. त्यांनी तिला ‘फर्मा’ म्हटलं आणि ते तिच्याकडे जरा लांबूनच बघत राहिले.

“बाई, फोटो आना,” ते म्हणाले. “फोटोवर पट्टी ठिवतो अन् निशान मारतो.”

“फोटोला डाग पडतील. फोटो वीस इंच आहे. ठोकळा वीस इंचांवर बसवा.”

“वीस कुठून कुठवर?”

“या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

त्यांनी दोन इंच रुंद पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “लहान पडन.”

“मिस्त्री, हे तुमचं माप सांगतं की तुमचा डोळा?”

“डोळा.”

“मग झालं तर.”

“हाव,” मिस्त्री म्हणाले. त्या ‘हाव’चा, म्हणजे होकाराचा, खरा अर्थ मला दोन दिवसांनी कळला.

पेटीत वीस इंचांवर पेन्सिलीची रेघ मी स्वतः मारली. मग ठोकळा सरकवून सोळावर दुसरी. तुमचे आजोबा हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांनी माझी आकडेमोड तपासली. वीस, वीस, सोळा, सोळा, एकूण बहात्तर. बेरीज बरोबर होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी चौकट जोडली. चारही कोपरे असे बसले की सांध्यात केस जाणार नाही. मिस्त्रींनीसुद्धा कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मी लाजून पुस्तकाचा उल्लेख केला.

मामंजींनी फोटो आणून चौकटीवर ठेवला. तो आतल्या चौकोनाच्या चारही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर आला.

वीस इंच बाहेरून होते. फोटो बसतो आतून. दोन्हीकडच्या पट्ट्यांची रुंदी वजा जाता आत उरले सोळा. (पुस्तकात पुढच्या पानावर पहिल्याच ओळीत हेच लिहिलेलं होतं. मी चित्र संपलं तिथे वाचन थांबवलं होतं.)

“माह्याकडे पाहू नोका,” मिस्त्री म्हणाले. “माहा डोळा बोलला होता.”

वरखालची अडचण नव्हती. फोटोत वर पडदा होता, खाली सतरंजी. पण बाजूचे दोन-दोन इंच म्हणजे एकीकडे दादा आणि दुसरीकडे मामंजी.

“फोटो एका बाजूले सरकवा ना,” तुमच्या आजोबांनी सुचवलं.

“मंग दादा पुरा जाते,” सासूबाई म्हणाल्या.

“दुसऱ्या बाजूले?”

“मंग हे जातेत. दोघांलेही सारखंच काटा. भांडनच नाही.”

मामंजी मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. “अकरा वर्सानं येऊन राह्यला तो. अन् त्याले काय दाखवू, त्याचा कान?”

गोठ्यातल्या लाकडाचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. मी कात्री मात्र लावू दिली नाही. फूटपट्टी ठेवून फोटोच्या कडा मागे दुमडल्या, दोन्हीकडून दोन-दोन इंच, तंतोतंत. खुर्चीवर आजेसासरे पूर्ण आले. त्यांच्या उजवीकडे दादांचा एक डोळा, अर्धी मिशी आणि एक खांदा. डावीकडे मामंजींचं तेवढंच.

दुपारच्या गाडीने दादा आले. उंच, पांढरा फेटा, हातात पिशवी. मांडवाच्या दाराशी थांबले आणि वर बघत राहिले.

“हे कोनं केलं?” दादांनी विचारलं.

“फर्म्यानं,” गणपत मिस्त्री म्हणाले.

“सूनबाईनं केलं, दादा,” मामंजी म्हणाले. “शिकेल हाये.”

दादांनी चौकटीवर हात ठेवला. “हे मोटेचं लाकूड हाये.”

“हाव. माह्या वाट्याचं.”

“अन् माह्या?”

“गोठ्यात हाये. कोनी हात नाही लावला.”

दादा पुन्हा फोटोकडे वळले. मग त्यांची खरीखुरी मिशी हलायला लागली.

“बाबा रागावले की आपन असेच उभे राहू ना बे,” ते मामंजींना म्हणाले. “दाराआडून. तू इकून, मी तिकून. एकेक डोळा काढून.”

“तू मले पुढं ढकलत जाय,” मामंजी म्हणाले.

“तू लहान होता. तुले कमी मार बसे.”

मग दोघं वडिलांच्या फोटोखाली उभे राहून हसले, आणि मामंजी उपरण्याने बराच वेळ नाक पुसत राहिले. मी मनातल्या मनात पुस्तकाला माफ केलं.

जेवणं झाल्यावर दादा स्वतः गोठ्यात जाऊन आपलं लाकूड घेऊन आले आणि मिस्त्रींसमोर टाकलं.

“मलेही एक करून दे. फोटो मी स्टुडिओतून घेतो.”

मी घाईने म्हणाले, “दादा, या वेळी माप आतून घेऊ. फोटो पूर्ण बसेल.”

“नाही, सूनबाई. याची लहान अन् माही मोठी, असं नको. पाळीतल्या घटकाभरासाठी अकरा वर्सं गेली. एवढीच पायजे. सुताचा फरक नको.”

मिस्त्रींनी फर्मा पुढे ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुताचा नाही पडत. बाईची रेघ हाये तशीच हाये.”

खरं सांगायचं तर अशा पेटीचा गुण हाच आहे, निखिल. एकदा केलेली चूक पुन्हा हुबेहूब करता येते.

त्या दोन्ही चौकटी आहेत. एक आपल्या बैठकीत, एक देऊळगाव राजाला दादांच्या नातवाकडे. दोन्ही फोटोंच्या कडा मागे दुमडलेल्याच आहेत. पेटी माझ्या कपाटात आहे, विणायच्या सुया तिच्यात छान राहतात. तिच्यातली पेन्सिलीची रेघ पुसलेली नाही. काल फूटपट्टी लावून पुन्हा मोजलं. बरोबर वीस इंच आहे.

तुमची आजी