तेल पाह्यलं काय?

माझे बाबा आर्वीच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते. त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा एक दोस्त मेकॅनिक होता. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. बाबांच्या बसला दुसऱ्या कोणी हात लावलेला बाबांना चालत नसे, आणि काकांनाही आपण दुरुस्त केलेली बस बाबांनी चालवून पाहिल्याशिवाय बरं वाटत नसे. दोघंही डब्यातली भाजी अर्धी अर्धी करून खायचे. रिटायर झाल्यावर काकांनी पुलगाव रोडला छोटं गॅरेज टाकलं. तिथं एसटीचं एक जुनं बाकडं होतं. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास बाबा त्या बाकड्यावर जाऊन बसत आणि दोघं चहा पीत. हे इतकं नेहमीचं होतं की आई पाच ते सात या वेळात बाबांना कामच सांगत नसे.

माझी नोकरी वर्ध्याला. आईबाबांना सोडून वर्ध्यात खोली करायची नव्हती म्हणून मी आर्वीहून रोज जाऊन-येऊन करतो. काही वर्षं एसटीनं केलं, मग जुनी गाडी घ्यायचं ठरलं. टर्बो डिझेल, लाख किलोमीटरच्या वर चाललेली. ती काकांनीच पाहून पसंत केली. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, मागच्या धुरावर हात धरून, हाताचा वास घेऊन ते बाबांना म्हणाले की इंजिन चांगलं आहे, फक्त याला सांभाळणारा माणूस पाहिजे.

मग त्यांनी मला बसवून शिकवलं. सकाळी चालू केल्याबरोबर अॅक्सिलेटर दाबायचा नाही, तेल वरपर्यंत पोचू द्यायचं. लांबून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं. टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा, तापलेला असतो, फिरत्या तेलानंच तो थंड होतो. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत जायचं. आणि सात हजार किलोमीटरला तेल बदललंच पाहिजे. "टर्बो तेलावर जगते," ते म्हणाले, "तेल गेलं का ते गेलं." ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला त्यांनी पांढरी टेप चिकटवून त्यावर पुढचं तेल किती किलोमीटरला ते पेनानं लिहिलं. दर वेळी ते टेप बदलत.

पहिलं वर्ष मी सगळं नीट केलं. बाबा सकाळी माझ्याबरोबर अंगणात येत, तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून फडक्यानं पुसत, परत घालून पाहत. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, पट्टीवरची तेलाची खूण दिसेना. मग ते ओट्यावरूनच विचारू लागले, "तेल पाह्यलं काय?"

मी म्हणायचो, "पाह्यलं, बाबा."

सुरुवातीला खरंच पाहायचो. मग एक दिवस उशीर झाला, म्हणून न पाहता हो म्हटलं. काही बिघडलं नाही. दुसऱ्यांदा तर उशीरही झाला नव्हता. रोजच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरमुळे तेल बदलायची पाळी तीन महिन्यांच्या आतच येते, आणि ती दर वेळी रविवार खाते. त्या हिवाळ्यात बाबा एकेक करून दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन महिने नागपूरला बहिणीकडे होते. एक पाळी गेली. काकांचा फोन आला, गाडी आण म्हणाले. मी सांगितलं की वर्ध्याला ऑफिसजवळ करून घेतलं. ते बरं म्हणाले. दुसरी पाळीही तशीच गेली. गाडी चढावर थोडी जड वाटायची, पण रोज चालू होत होती आणि मला वेळेवर पोचवत होती. मला तेवढं पुरेसं होतं.

बाबा नवा चष्मा लावून परत आले. त्यानंतरच्या आठवड्यात पुलगावला नात्यातलं लग्न होतं. आम्ही दोघंच गेलो. दुपारी जेवण करून निघालो, बाबा पुढच्या सीटवर, खिडकीतून तुरीची शेतं पाहत. ऑपरेशननंतर त्यांना लांबचं स्वच्छ दिसत होतं आणि ते खुशीत होते. रोहणा गावाच्या थोडं अलीकडे मी एका ट्रकला ओव्हरटेक करायला अॅक्सिलेटर दाबला. टर्बोची जी बारीक शिट्टी नेहमी येते, तिची एकदम किंचाळी झाली. बाबांनी ती माझ्याआधी ऐकली.

"बंद कर," ते म्हणाले. "बाजूले घे अन् बंद कर."

मी बाजूला घेईपर्यंत इंजिनची ओढ गेली होती. आरशात मागे निळा धूर दिसला, रस्ता दिसेनासा झाला इतका. समोर तेलाचा लाल दिवा लागला होता. मी इंजिन बंद केलं. बाबा उतरले, बॉनेट उघडायला लावलं, लांबूनच आत पाहिलं. मग त्यांनी विचारलं की तेल कधी बदललं.

मला त्या वेळी खरं सांगता आलं असतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. फार तर ते रागावले असते आणि अर्ध्या तासानं राग गेला असता. पण मी चाळिशीचा माणूस, आणि ते डोळ्यांवर नवा चष्मा लावून माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "काकांनीच बदललं, तुम्ही नागपूरले होते तवा."

बाबा ट्रॅक्टर मिळतो का पाहतो म्हणून शेतातल्या एका घराकडे गेले. ते पाठमोरे झाले आणि मला दाराच्या कडेची टेप आठवली. तिच्यावर काकांच्या अक्षरात जुना आकडा होता, आठ-नऊ हजार किलोमीटर मागचा. बाबांना आता तो वाचता आला असता. मी नखानं टेप खरवडली. ती उन्हानं चिकटून बसली होती, तुकड्या-तुकड्यानं निघाली. तुकडे मी खिशात घातले. ते काम मी किती सराईतपणे केलं, हेच मला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी आर्वीत, काकांच्या गॅरेजवर आणली. तिथं चार-पाच गिऱ्हाइकं होती. काका हात पुसत पुढे आले. काही न विचारता त्यांनी डिपस्टिक काढली, बोटावर तेल घेऊन चोळलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

बाबा मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर बोलले. "माह्या बसले तीस वर्षं तू हात लावला. अन् माह्या पोराच्या गाडीत काय तेल टाकलं? म्हातारा झाला असशीन तं दुकान बंद कर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना फोनवर वर्ध्याचं सांगितलं होतं, बाबांना इथलं. त्या एका नजरेत त्यांना दोन्ही खोटी कळली असणार. मी गाडीच्या चाकाकडे पाहत उभा राहिलो. ते काही तरी बोलतील म्हणून वाट पाहत होतो. ते बोलले असते तर मी सुटलो असतो.

"झाली असंल चूक," काका म्हणाले.

बाबांनी गाडी तिथं ठेवायला नकार दिला. ती दुसऱ्या दिवशी वर्ध्याला न्यायचं ठरलं. आम्ही निघताना काका मला हळूच एवढंच म्हणाले की टर्बो बदलताना त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर आणि पाईप सोडवून धुवायला सांग, त्यात तेल साचलेलं असेल; नाही धुतलं तर ते तेल इंजिन ओढून घेईल आणि इंजिनही जाईल.

वर्ध्याच्या मेकॅनिकनं पाईप धुवायचं मनातही आणलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून सोडवले. त्यातून वाटीभर काळं तेल निघालं. इंजिनच्या खालच्या चेंबरमधला गाळ बोटावर घेऊन त्यानं मला दाखवला आणि विचारलं की हे तेल किती चालवलं. मी म्हणालो, लक्षात नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली. त्यानंतर मी तिची जशी निगा राखली तशी कधीच राखली नव्हती. रोज तेल पाहायचो, ऑफिसच्या आवारात दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसायचो, तेल सहा हजारालाच बदलायचो. गाडी एकदाही अडली नाही. पण बाबा पाच वाजता बाहेर पडेनात. आधी आईला वाटलं, डोळ्यांमुळे. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्या एसटीचा आवाज आला की नुसतं मान वर करत. एकदा आईनं विचारलं तर म्हणाले की त्याच्यावर भरवसा होता म्हणून वाईट वाटलं, तेलाचं काही नाही. मी आत जेवत होतो. घास गिळला आणि पाणी प्यायलो.

आमच्याकडे बुद्ध पौर्णिमेला खीर असते. काका दर वर्षी येत, पांढरा शर्ट घालून, बुद्धवंदना होईपर्यंत मागे बसून राहत आणि मग खीर दोनदा मागून घेत. त्या वर्षी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईनं डबा भरून माझ्या हातात दिला आणि बाबांना न सांगता नेऊन दे म्हणाली.

गॅरेजवर काका एकटेच होते. मी डबा बाकड्यावर ठेवला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. फोनचं, पाळ्यांचं, टेपचंही. ते पाना हातात धरून ऐकत राहिले.

"मले तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "बोटाले लागलं तं डांबर होतं ते. तीन महिन्यांत तेल असं होत नाई."

"मंग तुम्ही काऊन नाई बोलले, काका?"

"तुह्या बापाले मी तसा वाटलो, तं मी काय सांगू त्याले? अन् पोरगा तू त्याचा." त्यांनी पाना खाली ठेवला. "मले सांगून काय फायदा? त्याले सांग. डबा घेऊन जा. तो म्हणंल तवा खाईन."

मी डबा परत आणला. आईला सांगितलं, गॅरेज बंद होतं. म्हणजे त्या दिवशीही मी एक खोटं बोललोच. बाबांना सांगायला आणखी दोन दिवस लागले.

ते सकाळी ओट्यावर पेपर वाचत होते. मी खाली पायरीवर बसून सांगितलं. त्यांनी पेपराची घडी केली, परत उलगडली, परत घडी केली. मग विचारलं, "मी त्याले बोललो तवा तू तिथंच उभा होता ना?"

"हो, बाबा."

एवढंच. ते उठले, चपला घातल्या. वैशाखातलं अकराचं ऊन होतं. मी म्हणालो की गाडीनं सोडतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पायीच निघाले. ते संध्याकाळी परतले. दोघांत काय बोलणं झालं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. आईला त्यांनी फक्त जेवलो म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांनी परत खीर करायला लावली.

पाच वाजताचा चहा पुन्हा सुरू झाला. माझी गाडी पुन्हा काकांकडे जाते. ते काम पहिल्यासारखंच करतात, माझ्याशी नीट बोलतात, चहा देतात. मात्र गाडीत काय पाहिलं, पुढे काय करावं लागेल, हे ते बाबांना सांगतात. मीच गाडी चालवतो, मीच तिथं उभा असतो, तरी. मला त्याचं काही म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात शेजारचे मास्तर बाबांकडे आले. त्यांना जुनी डिझेल गाडी घ्यायची होती आणि भरवशाचा मेकॅनिक हवा होता. बाबांनी काकांचं गॅरेज सांगितलं. मास्तर म्हणाले की मागे तुमचंच त्यांच्याशी काही तरी झालं होतं ना, तेलावरून, लोक सांगत होते. मी शेजारीच कपडे वाळत घालत होतो.

बाबा म्हणाले, "त्याची चूक नव्हती. आमच्या घरची होती."

मी हातातला शर्ट तारेवर टाकला आणि म्हणालो, "माही होती, मास्तर. तेल मी बदललं नव्हतं अन् नाव काकांचं सांगतलं."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मास्तरांना रस्ता सांगू लागले: पेट्रोल पंपापासून सरळ जा, डाव्या हाताला निंबाचं झाड आहे, त्याखाली तो बसलेला असतो, माझं नाव सांगा.