थरथरीचा अभ्यास

अब्बांना काय झालंय हे मला वर्गात कळलं. मी तेव्हा सांगलीत हॉस्टेलला राहून बी.फार्म करत होते, दुसऱ्या वर्षाला होते. मॅडम पार्किन्सनवरची औषधं शिकवत होत्या आणि आधी आजाराची लक्षणं फळ्यावर लिहीत होत्या. हात रिकामा असताना थरथरतो. चालताना एक हात हलत नाही. चेहरा कोरा दिसतो. अक्षर बारीक होत जातं. चौथी ओळ उतरवताना माझा पेन थांबला.

अब्बा कडेगावात टेलर होते. शर्ट-पँट, ब्लाउज, लग्नसराईत कोट. गिऱ्हाइकांची मापं ते एका वहीत मोठ्या ठसठशीत आकड्यांत लिहायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी ती वही चाळली होती. आकडे मुंगीएवढे झाले होते. "अब्बा, कागद वाचवताय का?" असं मी विचारलंही होतं. ते हसले नव्हते. मला वाटलं, रागावले. आता कळलं, त्यांच्या चेहऱ्याला हसणं जमत नव्हतं.

शनिवारी विट्याला गाडी बदलून घरी गेले. अब्बा नमाजाला निघाले तसं मागे उभं राहून बघितलं. उजवा हात हलत होता. डावा अंगाला चिकटून होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

"डॉक्टरला दाखवू या," मी म्हणाले.

"थंडीनं व्हतंय गं," अब्बा म्हणाले. "वय झालं आता."

मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना बोटं उघडमीट करायला लावली, व्हरांड्यात चालवलं आणि पाच मिनिटांत माझ्या वहीतलाच शब्द उच्चारला. मग विचारलं, "हे लक्षात कुणाच्या आलं?"

अब्बांनी माझ्याकडं बोट केलं. "हिच्या. औषधाचं शिकती ती."

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "सुई ओवली. पयल्या झटक्यात!" मागून अम्मीचं हसणं ऐकू येत होतं. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले. एक तर आनंद झाला होता, आणि दुसरं म्हणजे मी पुस्तकातला पुढचा परिच्छेदही वाचला होता. गोळी आजार थांबवत नाही. मेंदूतल्या पेशी मरायच्या त्या मरतच राहतात. काही वर्षांनी गोळीचा असर तोकडा पडत जातो आणि वाढवली की दुसरेच त्रास सुरू होतात. त्या सेमिस्टरला यावर प्रश्न आला. मी सगळं लिहिलं, चांगले मार्क मिळाले. घरी त्यातलं एक वाक्य सांगितलं नाही.

एम.फार्मला मी फार्माकॉलॉजीच घेतलं, म्हणजे औषध शरीरात काय करतं तो विषय. प्रवेशाच्या वेळी का म्हणून विचारलं तर खरं कारण सांगून टाकलं. समोरचे वयस्क सर म्हणाले, "बाळ, हे शिकून कुणाचे वडील बरे होत नसतात. गोळ्या बनवायचा विषय घे, नोकरी तरी लागेल." मला त्यांचा भयंकर राग आला होता.

प्रबंधासाठी गाईडनी खाजकुइलीच्या बिया दिल्या. त्यात पार्किन्सनवर गुण असतो हे जगाला आधीच माहीत होतं आणि माझ्याआधी कितीतरी जणांनी तेच काम केलं होतं. "रिझल्ट हमखास येतो. दोन वर्षांत पदवी हातात पाहिजे ना?" गाईडचं म्हणणं. मी मान हलवली.

काम असं होतं. पांढऱ्या उंदरांना हॅलोपेरिडॉल टोचायचं. माणसात ते भास थांबवायला वापरतात, पण त्यानं अंग थिजतं. मग उंदराचे पुढचे दोन पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे. चांगला उंदीर लगेच पाय काढून घेतो. टोचलेला तसाच राहतो, दांडीला हात टेकून, डोळे उघडे. आपण घड्याळ लावून सेकंद मोजायचे. बियांचा अर्क दिलेले उंदीर लवकर पाय काढायचे. माझा आलेख सुंदर आला. शेवटी सगळ्या उंदरांना मारून मेंदू काढावे लागले. तेही मी केलं.

घरी जाऊन मी अब्बांना खाजकुइलीचं सांगितलं. तोवर त्यांनी कोट शिवणं बंद केलं होतं, नुसती पँटची टीप मारायचे.

"खाजकुइलीत औषध हाय व्हय?" ते म्हणाले. "आमी शाळेत पोरांच्या शर्टात टाकायचो ती. मग? उंदीर बरं झालं?"

"झाले. म्हणजे, हलायला लागले."

"मग मला कवा मिळंल?"

"अब्बा, तुमच्या गोळीत जे आहे तेच त्या बियांत असतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा कोराच, पण डोळे कळायचे. "मग तू नवीन काय केलंस?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "अजून शिकतेय."

माझी पदवी झाली आणि त्यांच्या गोळीचा असर चार तासांवरून अडीच तासांवर आला. मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. गोळी जेवणाआधी, डाळ आणि अंडं फक्त संध्याकाळी, कारण त्यानं गोळी लागू पडत नाही. अम्मी ते अगदी परीक्षेसारखं पाळायची. रमजानमध्ये मी त्यांना रोजे धरू दिले नाहीत. एका शुक्रवारी त्यांनी कुणाला न सांगता धरला, गोळ्या खिशातच ठेवल्या. दुपारच्या नमाजात सजद्याला डोकं टेकलं ते वर येईना. बाकीचे उठले, सलाम फिरवून मोकळे झाले, अब्बा तसेच. शेवटी दोघांनी काखेत हात घालून घरी आणलं.

"लोकास्नी वाटलं, लय मनापासून दुवा मागतोय," ते मला म्हणाले. आणि मग, "काय मागायचं ते बी आठवंना बग."

नंतर त्यांना माणसं दिसायला लागली. बंद दुकानाच्या खुर्चीवर माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं. गोळी कमी करावी तर अंग थिजायचं, वाढवावी तर गिऱ्हाइकं वाढायची. मिरजेचे डॉक्टर दर खेपेला थोडं इकडं, थोडं तिकडं करायचे. मी शेजारी बसून मान हलवायचे. प्रत्येक औषधाचं मला सगळं माहीत होतं.

मी शिरवळच्या एका औषध कारखान्यात कामाला लागले. बॅचचे कागद तपासायचे, सह्या आहेत का बघायच्या. मी तिथं असताना इकडं गावी अब्बांना ताप चढला आणि त्यांना जवळच्या एका दवाखान्यात भरती केलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. अब्बा छताकडं बघत पडले होते, जबडा घट्ट, लाळ उशीवर. मी पायथ्याचा कागद उचलला. तापात ते आरडाओरडा करत होते, सलाईन ओढत होते, म्हणून त्यांना हॅलोपेरिडॉलची इंजेक्शनं दिली होती. तीन.

मी ड्युटीवरच्या डॉक्टरांकडं गेले. वयानं माझ्याएवढेच असतील.

"पार्किन्सनच्या पेशंटला हे देत नाहीत, सर."

"तुम्ही कोण?"

"मुलगी." मग मीच म्हणाले, "फार्माकॉलॉजी केलंय."

त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, त्यांचा चेहरा उतरला. "त्यांना पार्किन्सन आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," ते हळू म्हणाले आणि लगेच इंजेक्शन बंद केलं. अम्मी दारात उभी होती. "मी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "हात थरथरतो म्हनून सांगितलं व्हतं." तिला आजाराचं नाव कधी नीट म्हणता यायचं नाही आणि मी तिला ते लिहून दिलं नव्हतं. वेळापत्रकावर गोळ्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. नाव नव्हतं.

इंजेक्शनचा असर उतरला, पण अब्बा पुन्हा उभे राहिले नाहीत. ताप, अंथरूण, इंजेक्शन, नेमकं कशानं ते कुणालाच सांगता येणार नाही. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, तसंही हे व्हायचंच होतं. पुस्तकातही तसंच आहे.

आता दोन वर्षं झाली. रविवारी मी शिरवळहून येते. अब्बांना कुशीवर वळवते, पाठीला पावडर लावते, गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं देते. कधी ते मला ओळखतात, कधी "बाई, ब्लाउज मंगळवारी मिळंल," म्हणतात.

गेल्या रविवारी अम्मीनं विचारलं, "नवीन काय निघालंय का गं?"

मी दर आठवड्याला फोनवर बघते. "न्हाई, अम्मी."

"बरं. ती बाजू धर," ती म्हणाली, आणि आम्ही चादर बदलली.