छायाचित्र प्रतीकात्मक

बाजारामागच्या गल्लीत मिशीवाल्यांचं केशकर्तनालय आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि बाकावर चुरगळलेली वर्तमानपत्रं. त्यांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र, भरघोस, टोकाला जराशा वळलेल्या. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, दुकानाची पाटीच आहे ती, जपावी लागते.

बाकावरची गिऱ्हाइकं आरोग्यपुरवणी मोठ्याने वाचत. कॉफी सोमवारी हृदयाला चांगली असायची आणि शुक्रवारी घातक. मिशीवाले या कानाने ऐकत आणि त्या कानाने सोडून देत. त्यांना स्वतःला मधुमेह होता. सकाळी न चुकता गोळी घ्यायची आणि दुकान बंद केल्यावर चालायला जायचं, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

एकदा दाढीला आलेल्या एका फोटोग्राफरने, काका, तुमचा चेहरा फार बोलका आहे, एक फोटो काढू का, असं विचारलं. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि छान हसले. त्याने कसल्याशा कागदावर सही मागितली, तीही दिली आणि विसरून गेले.

वर्षभराने तेच हसू बसथांब्यावर झळकलं. माणसापेक्षा मोठा चेहरा, शेजारी पावडरीचा हिरवा डबा आणि खाली ठळक अक्षरं: 'मी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. तुम्ही कधी सोडताय?' त्यांची ओळख 'निवृत्त बँक अधिकारी' अशी दिलेली. गल्लीची हसून हसून पुरेवाट झाली. मिशीवालेही हसले. म्हणाले, जन्मभर वस्तरा चालवला, शेवटी बढती आणि निवृत्ती एकदमच मिळाली. बायकोने मात्र, अहो, हे काढायला सांगा, म्हणून दोनतीनदा टोकलं. बघू, म्हणत त्यांनी ते लांबणीवर टाकलं.

त्यांची थोरली बहीण पलीकडच्या वस्तीत एकटी राहायची आणि घरी शिवणकाम करायची. मधुमेह तिलाही होता. बँकेचं काहीतरी चुकून छापलं असेल असं धरून, जाहिरात पाहून ती भावावर रुसली. एवढा जालीम उपाय सापडला आणि सख्ख्या बहिणीला सांगावंसंही वाटलं नाही? आता विचारायला जायचंच नाही, असं ठरवून तिने स्वतःच डबा आणला आणि गोळ्या फडताळात टाकून दिल्या. पुढे पायाच्या बोटाला साधं खरचटलं. ते बरं होईना, चिघळलं, तरी पावडर लागू पडेल म्हणून ती थांबली. शेजारणीचा निरोप आला तेव्हा ती रुग्णालयात होती आणि बोट काढावं लागलं होतं.

मिशीवाले खाटेशेजारी बसले. ही पावडर तुला कुणी सांगितली, त्यांनी विचारलं.

"तूच," ताई म्हणाली. "रोज थांब्यावर उभा राहून सांगत होतास की."

घरी आल्यावर ते आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. बायकोने सुचवलं, मिशा काढून टाका, म्हणजे कुणी ओळखणार नाही.

"लबाडी त्यांची," ते म्हणाले, "आणि मिशा माझ्या का जाव्यात?"

दुसऱ्या दिवशी ते पावडरवाल्या कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि जाहिरातीच्या तळाशी असलेली मुंगीएवढी ओळ दाखवली: छायाचित्र प्रतीकात्मक आहे. तुमची सहीही आमच्याकडे आहे, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. तिथून ते वर्तमानपत्राकडे गेले. वार्ताहराने सगळं लिहून घेतलं, पण आठवडा उलटला तरी काही छापून आलं नाही. त्याच आठवड्यात आरोग्यपुरवणीत त्या पावडरीवर अर्धं पान आलं, 'मधुमेहींसाठी आशेचा किरण'.

मग त्यांनी वर्तमानपत्रातही येणारी तीच जाहिरात कापून दुकानाच्या काचेवर चिकटवली आणि खाली स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हा चेहरा माझा आहे. मी बँकेत नव्हतो. मी आजही रोज गोळी घेतो. आत येऊन विचारा.'

लोक येऊ लागले. काहीजण नुसती गंमत बघायला आले. काहीजण मात्र खाली मान घालून सांगत की आम्हीही गोळ्या सोडल्यात. मिशीवाले औषधाचं काही सांगत नसत. ते आमचं काम नाही, आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या, एवढंच म्हणत. कोपऱ्यावरचा औषधवाला तीच पावडर विकायचा, त्याने दाढीला येणं सोडलं. एक जुनं गिऱ्हाईक, तुम्हाला नैसर्गिक उपायांचं वावडं आहे, असं सुनावून गेलं. मिशीवाल्यांनी काचेवरचा कागद काढला नाही.

शेवटी कंपनीचा माणूस दुकानात आला. आधी त्याने, खरोखरच आमचा चेहरा व्हा, चांगला मोबदला देऊ, असं आमिष दाखवलं. ते जमेना म्हटल्यावर वकिलाच्या नोटिशीची भाषा सुरू केली. मिशीवाले एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होते. काम पुरं होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"पाठवा," मग ते म्हणाले. "तीही काचेवर लावतो. जागा आहे."

नोटीस काही आली नाही. पंधरवड्यात सगळीकडून त्यांचा चेहरा उतरला. गल्लीने पाठ थोपटली, पण त्यांना समाधान नव्हतं, कारण त्या जागी आता रुपेरी केसांच्या एका बाईंचा हसरा चेहरा आला होता. डबा तोच होता आणि गोळ्या सोडल्याचं वाक्यही तेच.

त्यांनी ती नवी जाहिरातही काचेवर लावली आणि लिहिलं: 'या बाई कुठे राहतात? कुणी ओळखत असेल तर गाठ घालून द्या.' बायको म्हणाली, आता पुरे, आपल्यापुरतं मिटलं ना? ताई तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, तीच म्हणाली, "तिलाही भाऊ असेल गं."

पावसाळा संपता संपता दुसऱ्या गावाहून त्या बाईंचाच फोन आला. त्या शाळेत शिकवत होत्या. फोटो त्यांनी चष्म्याच्या दुकानासाठी म्हणून काढू दिला होता आणि त्यांना मधुमेह नव्हताच. मिशीवाल्यांनी दुकान बंद ठेवलं आणि ताईला घेऊन पहिल्या बसने निघाले. ग्राहक न्यायालयातल्या तक्रारीवर आज तिघांच्या सह्या आहेत. तारखा पडताहेत, पावडर अजून विकली जाते, आणि प्रत्येक तारखेला मिशीवाले इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी जाऊन बसतात.