डॅशबोर्डवरचा चाकू

धाकट्या भावाने चाकू मागवला तो मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून. भुयारी मार्गात पाणी भरलेलं, गाडी बुडत चाललेली. आतला माणूस चाकूच्या मुठीचं टोक खिडकीवर मारतो, काच फुटते आणि तो बाहेर येतो. भावाने तो व्हिडिओ मलाही दाखवला. मी पुन्हा लावायला सांगितला. मूठ काचेवर आपटते तिथे दृश्य तुटत होतं. काच फुटताना कॅमेरा गाडीच्या दुसऱ्या बाजूला होता. मधला क्षण कुठेच नव्हता.

"इथे कट आहे," मी म्हणालो.

"दादा, तुला सगळीकडे कटच दिसतो."

वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलं की माणूस आधी हेच पाहतो, की सांगतोय कोण. इथे सांगणारा विकणाराच होता. पण भावाची भीती खोटी नव्हती. तो फुलपाड्यात राहतो. पावसाळ्यात पुलाखालच्या रस्त्यावर पाणी साचतं आणि त्याला तिथूनच गाडी काढावी लागते. मागे त्याची तीन वर्षांची मुलगी बसलेली असते.

चाकू घडीचा होता, तळहातात मावणारा. अंगठ्याने खुंटी थोडी ढकलली की पातं आपोआप उघडायचं. सीटबेल्ट कापायला एक खाच होती. मुठीच्या शेवटी ते पोलादी टोक. काच त्याने खरोखर फुटते का, हे भावाने तपासलं नव्हतं आणि तपासणारही नव्हता. स्वतःच्या गाडीची काच कोण फोडून बघतो? असा प्रत्येक चाकू न तपासताच विकत घेतला जात असणार, आणि म्हणूनच त्याच्यावरचा विश्वास टिकत असणार.

भावजयीची शंका वेगळी होती.

"काच फोडायला टोक पुरे आहे. पातं कशाला?"

"असू दे गं. बेल्ट कापायला, रस्त्यात काही फळंबिळं..."

"म्हणजे पेरू कापायला घेतलायस. नाकाबंदीत गाडी तपासली तर तसंच सांग पोलिसांना. साहेब, पेरू."

मग तो ठेवायचा कुठे, यावरून वाद झाला. दाराच्या कप्प्यात ठेवला तर बुडताना भावाचा हात पोचेल, पण मुलीचाही पोचेल. नुसती हातोडी असती तर ती सीटला बांधून ठेवता आली असती. पातं असल्यामुळे तो लपवावा लागला. शेवटी तो डॅशबोर्डच्या खणात, कागदपत्रांच्या मागे गेला. पाण्यात, अंधारात तो तिथून कसा निघणार, हे मी विचारलं. भावाने खण लावून टाकला.

खंडेनवमीला तो खणातून बाहेर आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत कोणी ती वापरत नाही. आईने सकाळीच पाटावर विळी, कात्री, हातोडी, पाना आणि भावाचा लॅपटॉप मांडला होता. कुंकू लावून झाल्यावर तिने विचारलं, "आणि तो नवा चाकू?"

"तो गाडीचा आहे. त्याची पूजा गाडीत."

"चाकू गाडीचा कसा असेल रे? चाकू घरचा."

पण भावाने ऐकलं नाही. खाली पार्किंगमध्ये धुतलेली गाडी उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार होता. डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीपुढे त्याने गाडीची किल्ली ठेवली, तिच्याशेजारी चाकू ठेवला, दोन्हींवर हळद-कुंकू वाहिलं. नारळ फुटला. मग मुलीला फोटोसाठी ड्रायव्हरच्या सीटवर बसवण्यात आलं. उघड्या दारामुळे हार फोटोत नीट येईना, म्हणून दार लावलं. गाडी धुताना काचा चढवलेल्या होत्या, त्या तशाच होत्या.

खट्ट असा आवाज झाला. मुलीने दारावरचं बटण दाबलं होतं. चारही दारं आतून बंद.

आधी सगळे हसले. शेजारच्या गाडीला हार घालणारे गृहस्थ म्हणाले, "घ्या, नवीन मालक आल्या. आता हप्ते यांच्याकडून घ्या."

एक किल्ली आत गणपतीपुढे, दुसरी भावाच्या अंधेरीच्या ऑफिसात होती. दोन्ही एका जागी ठेवू नयेत, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"पिल्लू, बटण दाब. ते नाही, ते लाल."

"लाल कुठाय त्यात? काळं आहे, काळं," भावजय म्हणाली.

मुलीला हा खेळ वाटला. तिने हॉर्न वाजवला. मग वायपरची दांडी खालीवर केली. ऊन थेट पुढच्या काचेवर होतं, ऑक्टोबरचं. थोड्या वेळाने तिचे केस कपाळाला चिकटले आणि तिचा चेहरा रडवेला झाला. ती सीटवर उभी राहिली, गणपतीपुढे वाकली आणि तिने चाकू उचलला.

भावजयीने काचेवर हात मारला. "ठेव ते! ठेव खाली! बाऊ होईल!"

त्याच क्षणी भाऊ दुसऱ्या बाजूने ओरडला, "बेटा, उलटा धर! काचेला मार त्याने, मार!"

भावजय वळली. "वेड लागलंय का तुला? तिच्या अंगठ्याखाली काय आहे बघ."

अंगठ्याखाली खुंटी होती.

आवाज ऐकून आई पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आली होती. भावजयीने वर पाहून हाक मारली, "आई, हातोडी!"

सकाळी आईनेच सगळ्यांना बजावलं होतं, की उद्यापर्यंत पाटाला कोणी हात लावायचा नाही. ती आत गेली आणि हातोडी घेऊन लगेच परत आली. "टाकू?"

"टाका!"

हातोडी कुंपणाजवळच्या मातीत पडली. भावजयीने ती उचलली. भाऊ म्हणाला, "दे, मी मारतो." तिने दिली नाही. ती मुलीपासून लांबच्या, मागच्या खिडकीपाशी गेली. पहिला घाव घसरला. दुसरा तिने काचेच्या कोपऱ्यावर घातला आणि काच खडीसाखरेसारखी आत सांडली. तिने हात घालून दार उघडलं, पुढे झुकून मुलीला सीटच्या मधून ओढून घेतलं. चाकू गिअरपाशी पडला होता. पातं उघडं होतं.

मुलगी घामाने भिजली होती, घाबरली होती, पण शुद्धीवर होती. तिला पाणी पाजलं. अंगठ्यातून थोडं रक्त येत होतं. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी केली, टाके लागले नाहीत. ती काचेने झाली की पात्याने, ते त्यांनाही सांगता आलं नाही. भाऊ म्हणतो काचेने. भावजय म्हणते पात्याने.

संध्याकाळी वाद पुन्हा निघाला.

"शेवटी काच फोडायचीच वेळ आली ना?" भाऊ म्हणाला. "म्हणून असं टोक जवळ असावं लागतं. सगळ्याच चाकूंना असावं."

"टोक कुठे होतं? आत. पातं कुठे होतं? आत. पोर पण आत. तुझा तो चाकू बाहेर उभा असलेल्याच्या काय कामाचा?"

"असं रोज होत नाही."

"बुडायला तरी कुठे रोज होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणालो, की बनवणाऱ्याने गाडीत एकच शहाणा माणूस धरलेला दिसतो. लहान मूल त्याच्या हिशेबात नाही. आई म्हणाली, "आता पुरे," आणि दिवा लावायला उठली.

भावजयीने एकच अट घातली. मुलगी बसेल त्या गाडीत चाकू असणार नाही. भावाने ती मान्य केली. खिडकीला नवी काच बसली, मागच्या सीटजवळ वर पट्ट्याने बांधलेली एक लहान हातोडी आली. चाकूचं काय केलं, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, की गिरीजला वाडीवाल्याला देऊन टाकला. त्याच्याकडून आम्ही केळी आणि नारळ घेतो.

दिवाळीच्या आधी सगळे गिरीजला गेलो. पिशव्या भरताना भावजयीने सहज विचारावं तसं विचारलं, "काका, तो चाकू चालतोय ना नीट?"

"कंचा चाकू?" वाडीवाला म्हणाला.

भाऊ केळ्यांच्या घडाकडे पाहत होता. "अगं, त्यांच्या मुलाला दिला मी," तो म्हणाला. मुलगा त्या दिवशी वाडीत नव्हता. नंतरही कोणी त्याला विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हापासून मुलीला गाडीत बसवण्याआधी भावजय सीटखाली हात घालते, दारांचे कप्पे चाचपते, खणातली कागदपत्रं काढून पाहते. अजून काही सापडलेलं नाही. तोवर भाऊ शांतपणे बाहेर उभा असतो. ती डिकीपाशी गेली की मात्र त्याला उशीर व्हायला लागतो.

"चल ना, ट्रॅफिक लागेल."

"लागू दे," ती म्हणते आणि स्टेपनीवरचं कापड उचलते.