आळेफाट्याची बिनकंपनीची सोसायटी

आमच्या सोसायटीत पाणी साठेल याची खात्री नाही, किस्से मात्र न चुकता साठतात! माझं मेडिकलचं दुकान सोसायटीच्याच खाली आहे. कुणी येऊन नुसतं "काय सेक्रेटरीबाई, काय म्हणते सोसायटी?" असं विचारलं की माझं सुरू होतं, आणि खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस खोकला विसरून ऐकत उभा राहतो.

आळेफाट्याला हायवेपासून जरा आत आमच्या दोन बिल्डिंगा. राहणारे बहुतेक आसपासच्या गावांतले शेतकरी. रान गावाकडे आणि पोरांची शाळा इकडे, म्हणून फ्लॅट घेतलेले. बिल्डरनं जाता जाता एक मॅनेजमेंट कंपनी आमच्या गळ्यात बांधली होती. जिना झाडण्यापासून पंप चालू करण्यापर्यंत सगळं कंपनी करायची, म्हणजे करायची नाही! शेवटी आम्ही ठरवलं, कंपनीला नारळ द्यायचा आणि आपली सोसायटी आपणच सांभाळायची.

तेव्हापासून जे काही पाहिलंय, त्यानं मी थक्क आहे. आणि मी काही उठसूट थक्क होणारी बाई नाही.

* * *

कंपनी काढायची म्हणून सभेत सगळ्यांचे हात वर गेले. एकट्या सोपानतात्यांचा गेला नाही.

तात्या राहतात चौथ्या मजल्यावर. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा पाय साथ देत नाही. सकाळी लिफ्टनं खाली यायचं, गेटपाशी सिमेंटच्या बाकावर जोडीदारांबरोबर चहा घ्यायचा, देशाच्या राजकारणाचा निकाल लावायचा आणि परत वर जायचं. त्यांचा सगळा दिवस त्या चहावर उभा.

"कंपनी लई चांगली व्हती आसं मी म्हणत न्हाई," तात्या म्हणाले. "पण उद्या लिफ्ट बंद पडली तर तुमी जिन्यानं जाल. मी कुठून जाऊ? सकाळचा च्या सुटला तर मग माझं ऱ्हायलं काय?"

मी नुकतीच सेक्रेटरी झालेली, अंगात भलताच उत्साह. उठून म्हटलं, "तात्या, मी शब्द देते. तुमचा चहा एक दिवससुद्धा चुकणार नाही."

तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"बग हां पोरी. शब्द तू दिलायस, लिफ्टनं न्हाई!"

घरी आल्यावर भान आलं. लिफ्टमधलं मला बटणापलीकडे काही म्हणजे काही कळत नव्हतं.

* * *

हँडओव्हरला कंपनीचा मॅनेजर आला तो गळ्यात टाय आणि हातात सिमेंटची रिकामी गोणी घेऊन. रिकामी कसली, गोणीत किल्ल्या! पंपघर, गच्च्या, मीटरच्या खोल्या, सगळ्यांच्या एकत्र. कुठली कशाची, एकीवरही खूण नाही.

"थोड्याच दिवसांत तुम्हीच फोन कराल आम्हाला," असं हसत हसत सांगून तो गेला.

मी डोक्याला हात लावला. आमचे चेअरमन निवृत्तीभाऊ म्हणजे कांद्याचे मोठे बागायतदार. त्यांनी शांतपणे पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरली आणि गोणी पालथी केली. बायका सवयीनं भोवती बसल्या आणि कांदा निवडावा तशा किल्ल्या निवडायला लागल्या. मोठी ती गोळा एकीकडे, मधली ती गोल्टी एकीकडे, अगदी बारीक ती चिंगळी एकीकडे! मग एकेक ढीग ओच्यात घेऊन सगळ्या कुलपं धुंडाळत निघाल्या. खिदळणं तर असं, की लग्नघरच वाटावं. चहा उकळेपर्यंत पंपघरापासून गच्चीपर्यंत सगळं उघडं!

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. आम्ही कुलूपवाला शोधत असू अशी त्याची समजूत.

"सापडल्या का किल्ल्या?"

निवृत्तीभाऊ म्हणाले, "सापडल्या की. चिंगळी थोडी उरलीय. पाठवून देऊ का?"

* * *

कंपनी होती तेव्हा चौथ्या मजल्याची पाण्यासाठी रोज बोंब. खालचे मजले आधीच ओढून घ्यायचे. त्यावर कंपनीनं मोठा पंप, मोठी टाकी आणि आणखी कसलंसं मशीन सुचवलेलं.

निवृत्तीभाऊंनी मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारला. "चौथा मजला म्हंजे टेल. कॅनॉलला पाणी सुटलं की आधी कुणाचं रान भिजवायचं?"

"टेलचं!" सगळी मीटिंग एका सुरात.

कालव्याच्या पाण्यावर हयात गेलेली माणसं. शेवटच्या टोकाला आधी पाणी आणि मग मागं मागं येत मुखाशी, म्हणजे हेडला, हे त्यांना कुणी शिकवायला नको. विषय तिथंच संपला. आता गच्चीवरचा चौथ्या मजल्याचा व्हॉल्व्ह सकाळी सगळ्यात आधी उघडतो, मग तिसऱ्याचा, मग दुसऱ्याचा. मशीन नाही, भांडण नाही. मी तर बघतच राहिले.

फक्त एक झालं. मी राहते पहिल्या मजल्यावर. पहिल्याच सकाळी तोंडात फेस घेऊन निवृत्तीभाऊंना फोन लावला. "भाऊ, आमचं पाणी कधी?"

"ताई, हेडवाल्यांनी बोलायचं नसतं!"

* * *

टाकी धुवायची होती. मी कॉम्प्युटरवर रंगीत वेळापत्रक केलं, कुणी कधी यायचं ते लिहून ग्रुपवर टाकलं. कुणी साधा अंगठासुद्धा दिला नाही. म्हटलं, बुडालं आपलं स्वराज्य!

रविवारी खाली आले तर घमेली, बादल्या आणि खराटे घेऊन सगळी सोसायटी हजर. निम्मी टाकीत उतरलेली. मंदाक्का सगळ्यांना कामाला लावत होती. मंदाक्का डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, जिने झाडायला येते. कंपनी गेली तरी तिला आम्ही सोडलं नाही.

"अगं, यांना बोलावलं कुणी?" मी विचारलं.

"बोलवायचं काय त्यात? सावड हाय मॅडम. आज हितं टाकी, पुढल्या ऐतवारी भाऊंच्या रानात कांद्याची बराख भरायची."

सावड म्हणजे आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. पुढच्या रविवारी खरंच सगळे निवृत्तीभाऊंच्या रानात कांद्याच्या पाट्या उचलून बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, ओतत होते. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब मात्र कुरकुरत होते. पुण्याहून बदली होऊन आलेले, कांदा फक्त मिसळीवर पाहिलेला.

"सोसायटीचं ठीक आहे. पण यांच्या कांद्याशी माझा काय संबंध?"

मंदाक्कानं त्यांच्या डोक्यावर पाटी ठेवली. "आठवडाभर टाकीतलं पाणी कसं लागलं, सायेब?"

* * *

याच साहेबांचा एके दिवशी पहाटे ग्रुपवर मेसेज आला. "पार्किंगमध्ये बिबट्या!!! आता कंपनीही नाही! काय करायचं?" खाली कॅमेऱ्यातला फोटो. बिबट्या कसला देखणा, अंग सोडून निवांत बसलेला.

सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. तेवढ्यात निवृत्तीभाऊंचा मेसेज. "कुणाच्या जागेवर बसलाय?"

साहेबांनी कॅमेरा निरखून उत्तर दिलं. "व्हिजिटर पार्किंग."

"मग बसू द्या. पावणा हाय, उजाडलं की जाईल."

उजाडलं आणि गेला!

* * *

आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. लिफ्ट बंद पडली.

मेकॅनिक म्हणाला, पार्ट पुण्याहून यायचा, आठवडा तरी जाईल. मी जिने चढून तात्यांना सांगायला गेले. वाटलं चिडतील, चार शब्द सुनावतील. त्यांनी फक्त लिफ्टच्या बंद दाराकडे पाहिलं. मीच म्हटलं, "तात्या, खुर्चीत बसवून पोरं खाली नेतील तुम्हाला."

"मढं न्हेत्यात तसं? नगं." आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

त्या लावलेल्या दारासमोर उभं राहून मला रडूच आलं. आवेशात शब्द देऊन बसले होते, आणि एका म्हाताऱ्या माणसाची सकाळच मी हिरावून घेतली होती. खाली येऊन निवृत्तीभाऊंना सांगितलं. ते "बरं" एवढंच म्हणाले. मला त्यांचाही राग आला.

सकाळी थर्मासमध्ये चहा भरून, माफी मागायला म्हणून वर निघाले. तिसऱ्या मजल्यावर असतानाच हसण्याचा गडगडाट ऐकू आला.

वर जाऊन पाहते तर तात्यांच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये बाक! गेटपाशी असतो तो, सिमेंटचा, पाठीवर कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ असं कोरलेला. त्यावर तात्यांचे सगळे जोडीदार दाटीवाटीनं बसलेले. चार मजले चढून आलेले, एकाला तर अजून धाप लागलेली. मधोमध तात्या, हातात कप, आणि सरकार पाडण्याचं काम जोरात चालू.

"ये पोरी," तात्या म्हणाले. "शब्द पाळलास बग."

मी कुठला पाळला होता? माझे डोळे भरून आले. निवृत्तीभाऊंना विचारलं, मंदाक्काला विचारलं, साहेबांनाही विचारलं. जो तो माझ्याकडे बघून नुसता हसायचा. साहेबांचा खांदा मात्र सुजला होता.

पुढे पार्ट आला, मेकॅनिक आला. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर लिफ्ट सोडून तो बाकाकडेच बघत बसला. टेप काढून त्यानं बाक मोजला. मग खाली जाऊन जिन्याचं वळण मोजलं. परत वर येऊन पुन्हा बाक मोजला.

"मॅडम, लिफ्टमध्ये हा मावत नाही. जिन्यावरून तर वळतच नाही. मग वर आला कसा?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली.

"कंपनी असती तर आलाच नसता!"