सागाच्या पानावरची वेल

पहिल्या दिवशी नवसीला दिसला तो दोरा. मेंदी तिला नंतर दिसली.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, साड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर रुचिकादीदी मेंदी शिकवते. दीदी सिंधी आहे. हिंदीतून सुरू झालेलं तिचं वाक्य मराठीत संपतं. तिने एका मुलीच्या तळहातावर बोटभर उंच मेंदीचा कोन धरला आणि अंगठ्याने किंचित दाबला. टोकातून ओला, हिरवट दोरा हवेत लोंबला, मग अलगद खाली निजला. वळला, त्याचं पान झालं, पानातून दुसरं पान निघालं. कोन कातडीला एकदाही शिवला नाही. बघता बघता नवसीचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला.

"टेकवायचा नाही," दीदी म्हणाली. "दोरा सोडायचा. तो पडतो त्याचा त्याचा, तू फक्त रास्ता दाखव."

नवसी बारवीकडच्या पाड्यावरची, एकोणीस वर्षांची. लावणी उरकल्यावर आईने तिला महिन्याभराची मोकळीक दिली होती, तीही अटीवर. तीजरी म्हणजे सिंधी बायकांचा उपासाचा सण, आणि मेंदीशिवाय तीजरी नाही. आदल्या दिवशी दीदीकडे गिऱ्हाइकांची रांग लागते, म्हणून ती शिकाऊंपैकी एकीला आपल्या शेजारी खुर्ची देते. ती मिळाली तर पुढे शिकायचं, नाहीतर आईबरोबर निंदणीला जायचं आणि हा नाद सोडायचा.

बाकीच्या मुली सरावाला गुळगुळीत पारदर्शक पाटी वापरायच्या. बदलापूरची राजसी त्यात सगळ्यांत तयार. तिची वेल छापल्यासारखी यायची. नवसीकडे पाटी नव्हती. तिने दुधाच्या पिशवीचा कोन वळला, त्यात नाचणीचं पीठ कालवून भरलं, आणि घरामागच्या सागाची पानं तोडून आणली. सागाचं पान म्हणजे खरखरीत, शिराच शिरा. रेघ शिरेवर आली की फुटायची.

विठाआजी ओट्यावरून बघत होती. तिच्या कोपरापर्यंत गोंदण होतं, हिरवं, म्हातारपणाने पसरलेलं.

"शिरेशी भांडतेस कशाला?" आजी म्हणाली. "ती आधीपासून हाय तिथं. तिच्यावरनं जायचं, तर जरा थांबून जा."

पंधरा दिवसांत नवसीने सागाच्या दोन फांद्या ओरबाडल्या. क्लासात राजसीने तिच्या नखांतलं पीठ बघून विचारलं, भाकऱ्या थापून आलीस का. नवसी म्हणाली, हो, आणि खाऊन पण आले.

तीजरीच्या दोन दिवस आधी दीदीने परीक्षेला स्वतःच्या सासूलाच आणून बसवलं. अम्माचं वय ऐंशीच्या पुढचं. तिने दोन्ही हात उताणे ठेवले. सुरकुत्यांवर सुरकुत्या, सैल कातडी, खाली निळ्या शिरा.

राजसी पहिली बसली. तिने अम्माचा डावा हात पाटीसारखा ताणून धरला आणि वेल काढली, मनगटापासून बोटापर्यंत, एकही थेंब इकडेतिकडे नाही. मुली वाकून बघत होत्या. मग तिने हात सोडला. ताणलेली कातडी परत आपल्या जागी आली, आणि वेल चुरगळली. पानं एकमेकांत घुसली, देठ मोडले.

"ये क्या हुआ," राजसी हळूच म्हणाली. कोणी हसलं नाही. अम्माने फडक्याने हात पुसला. मागे फिकट नारिंगी डाग राहिला.

"नवसी," दीदी म्हणाली.

नवसी समोर बसली. उजवा हात तिने ताणला नाही. "अम्मा, हात जसा हाय तसाच ठेवा. मांडीवर ठेवता ना, तसा." मग ती बराच वेळ नुसती बघत राहिली. तिला ते पान ओळखीचं वाटलं. कुठे शीर, कुठे खळगा, कुठे दोरा सैल सोडायचा आणि कुठे थांबायचं, सगळं बोटांना आधीच ठाऊक होतं. तिने कोन उचलला. दोरा सुरकुतीच्या काठाशी आला, थबकला आणि पलीकडे उतरला. फुटला नाही. ज्या सुरकुत्या बुजवता येईनात, त्यांचेच तिने देठ केले.

झाल्यावर अम्माने हात खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटं जराशी वाकवली. कातडी हलली, तिच्याबरोबर वेल हलली, वाऱ्यावर हलावी तशी. परत बोटं उघडली, वेल परत सरळ. नवसीनेच काढलेली होती, तरी ती डोळे फाडून बघत राहिली. हे आपल्या हातून झालं, हे तिला पटेना.

दीदीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी सव्वीस साल मेंदी काढते," ती म्हणाली. "म्हातारीचा हात मी पण ताणूनच धरते." मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिने आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. "उद्या सकाळी आठला ये. उशीर नको."

राजसीने नवसीच्या कानाशी येऊन, बदलापुरात सागाची पानं कुठे मिळतील, ते विचारलं.

अम्मा मात्र उठायला तयार नव्हती. तिने फिकट डागाचा डावा हात नवसीच्या मांडीवर ठेवला, जसा होता तसा, सैल.

"अब ये वाला," ती म्हणाली.